तीस दिवसांचा महिना

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार

आधी एक दुरुस्ती. ३१ जानेवारीच्या पानावर मी लिहिले आहे की मोठीआईचा उपवास होता, म्हणून ती जेवली नाही आणि संध्याकाळी तिला घाम फुटून चक्कर आली. यातले उपवासाचे खरे नाही. ३१ डिसेंबरच्या पानावरही मी तसेच लिहिले होते. आज कॅलेंडर काढून पाहिले. दोन्ही दिवशी एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती, तिचा सोमवारही नव्हता. मी तिला विचारलेच नव्हते. तिचे ताट दिसले नाही आणि मी आपल्या मनाने उपवास लिहून टाकला.

जुनी वाक्ये खोडलेली नाहीत. चुकलेले खोडायचे नाही, खाली बरोबर ते लिहायचे, हे मोठीआईनेच शिकवले. दम्यामुळे मला लहानपणी शाळेत घातले नव्हते. तिसरीपर्यंतचे सगळे तिने जिन्याजवळच्या तिच्या खोलीत बसवून करून घेतले.

चूक लक्षात कशी आली तेही लिहिते. आमच्या ऑफिसचे काम म्हणजे आमच्या शहराला, नव्या राज्याच्या या राजधानीला, पुढच्या वीस वर्षांत किती घरे लागतील त्याचा अंदाज काढणे. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हा नियम. निरंजन सरांनी सराव म्हणून प्रत्येकाला आपल्या घराचा फॉर्म भरायला लावला. मी दोन भरले, कारण दिवाळीनंतर आमच्या घरात दोन चुली झाल्या. खाली बाबा, आई आणि मी. वर नीलकंठकाका, शांताकाकू आणि त्यांच्या दोघी मुली. मोठीआई ही बाबांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. तिला मूल नाही. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा ठरले की तिने एक ते पंधरा तारीख आमच्याकडे जेवायचे, सोळा ते तीस वर. मी तिचे नाव दोन्ही फॉर्मांत लिहिले.

सर म्हणाले, "कौमुदी, एक आदमी दो बार नहीं गिना जाता. अम्मा खाती कहाँ हैं?"

मी सांगितले.

"और इकतीस को?"

माझ्या शेजारी बसणारी रूपाली म्हणाली, "इकतीस को होटल, सर!"

सगळे हसले. मीही हसले. सदर बाजारातून रिक्षा पुढे सरकत नव्हती, तेव्हा ते वाक्य परत आठवले आणि घरी येताच मी वहीची ती दोन पाने उघडली.

७ फेब्रुवारी

मोठीआईला विचारले. ती खाटेवर बसून वाती वळत होती.

"एकतीसले तू जेवली नव्हतीस ना?"

"कोन्या एकतीसले?"

"दोन्ही."

"भूक नव्हती व मले."

"साखरेची गोळी घेतली होतीस?"

"गोळी तर घ्याच लागते. डॉक्टरनं सांगतलं आहे, चुकवायची नाही."

रिकाम्या पोटी ती गोळी घेतली तर साखर एकदम उतरून चक्कर येते, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. मी म्हटले, मागितले का नाहीस? तिने हातातली वात संपवली. मग म्हणाली, "कोनाले मांगू? इथं गेली तर वरचा दिवस, वर गेली तर खालचा. दारात उभं राहून मांगनं नाही जमत मले. शिकवलं तुले मी, अन् तूच इचारून राहिली?"

१० फेब्रुवारी

आईला सांगितले. आई भाजी चिरत होती. तिच्या कदाचित लक्षात आले नसावे; घरात इतकी कामे असतात. ती म्हणाली, "आपन का उपाशी ठेवतो का तिले? पन एक दिवस आपून दिला का मंग तो आपलाच होऊन जाते. वरच्याहिले सांग न."

मी म्हटले, वर्षातून सातच दिवस तर असतात.

"मंग वरच्याहिनं द्यावे सात. त्याइच्या घरी भाऊजीचा पगार मोठा आहे."

मग तिने विषय बदलला. दुर्गहून स्थळ आले आहे. मुलगा बँकेत, घरी फक्त वडील. मुलाच्या मावशीचा फोन आला होता. घरात माणसे किती, असे तिने विचारले. आईने सांगितले, "आम्ही तिघंच."

फॉर्मच्या नियमाने पाहिले तर दहा तारखेला मोठीआई आमच्या चुलीवर आहे. म्हणजे चार. आईला नियम कुठून माहीत असणार?

१६ फेब्रुवारी

आज पाळी बदलण्याचा दिवस. मोठीआई आपले ताट, वाटी, तांब्या घेऊन जिना चढत होती. तिचे गुडघे बघवत नाहीत. ताट मी घेतले. वर शांताकाकू हसून म्हणाली, "आल्या का वहिनी? आज सोळा का! मले वाटलं उद्या." कुकर आधीच उतरला होता. काकूने मुलींच्या पातेल्यातला भात थोडा काढून दिला. चिडली नाही, काही नाही. नीट वाढले. मी हे लिहून ठेवते, नाहीतर नंतर माझ्याकडून काकूवर अन्याय व्हायचा.

२० फेब्रुवारी

दिवसभर बीरगांवच्या कामगार वस्तीत फॉर्म भरले. एका खोलीत कारखान्यातले बारा जण. सगळे वेगवेगळ्या गावांचे, कुणी कुणाचा नातेवाईक नाही. विचारले, चुली किती? "एके ठन, दीदी. बारा झन एकेच म खाथन." चूल एकच, बाराही जण तिच्यावरच जेवतात, म्हणजे एक कुटुंब. मुखिया कोण, विचारल्यावर आधी हसले, मग एकाला पुढे ढकलले. तो लाजून पिठाचे हात पुसायला लागला.

रूपाली म्हणाली, "इसका ब्याह करा दो, तेरह हो जाएँगे."

परत येताना बसमध्ये दोघी हसत होतो. घरी आल्यावर मात्र काही सुचेना. ते बारा जण एकमेकांचे कुणी नाहीत, तरी फॉर्मात एक घर आहेत.

२३ फेब्रुवारी

आज फार वाईट झाले. सरकारी जनगणनेचे गुरुजी आले होते. मी ऑफिसात होते. मोठीआईकडून कळले, तेही मी खोदून विचारल्यावर.

गुरुजी खाली आले. आई म्हणाली, तीन. वर गेले. काकू म्हणाली, चार. दोघीही खोटे बोलल्या असे म्हणता येत नाही. आईच्या हिशेबाने ही वरची पाळी. काकूला वाटले असेल, नाव तर खालीच लिहिले असणार. गुरुजी जिना उतरून निघून गेले.

"तू कुठे होतीस?"

"खोलीतच होती. दार उघडं ठेवून बसली होती. लुगडंही बदललं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मले वाटलं इचारतीन. त्याईनं चप्पल घातली, मले नमस्कार केला, अन् गेले."

२४ फेब्रुवारी

गुरुजींचे घर पलीकडच्या गल्लीत आहे. दयाराम साहू. मी सकाळीच गेले. चांगले गृहस्थ आहेत. रजिस्टर काढले, पेन उघडले.

"नाम तो मैं अभी चढ़ा दूँ बिटिया. किसके घर में चढ़ाऊँ?"

मी म्हटले, सध्या वर.

"आपकी चाची से पूछ लूँ?"

त्यांनी विचारलेच. काकूने काकांना ऑफिसात फोन लावला. काका म्हणाले, आज लिहिले की उद्या कागदोपत्री आपल्यावरच येईल, नरहरीदादाकडे लिहा. नरहरी म्हणजे बाबा. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. म्हणाले, "मी काय बोलू? तुह्या मायले इचार." आई म्हणाली, आज चोवीस तारीख आहे.

गुरुजी पेन धरून जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते. मी म्हटले, तिचे वेगळेच लिहा. एकटीचे घर.

"उसके लिए चूल्हा अलग चाहिए, बिटिया. है चूल्हा?"

शेवटी त्यांनीच आपल्या मनाने तिला वर चढवले. गुरुजी गेल्यावर काकूची भांडी जोरात वाजली.

मला वाटले होते, नाव लिहिले गेले म्हणजे झाले.

१ मार्च

काल रात्री काका खाली आले होते. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. आई म्हणाली, "तुमचे दोन दिवस वाचले न भाऊजी? मंग एकतीस तुम्हीच घ्या."

काका म्हणाले, "वहिनी, मी तीस दिवसांचा महिना धरला होता. हिशोब सोपा राहते म्हणून. आता तुम्ही फेब्रुवारी काढता, मंग मी जुलै काढीन, ऑगस्ट काढीन."

"काढा न. आमी का भितो?"

काकू जिन्यातून म्हणाली, "अन् दिवाळीले त्या कोनाकडं होत्या? पाच दिवस! ते कोन मोजन?"

"तवा चूल एकच होती शांता!"

हे सगळे जिन्याजवळ चालले होते. मोठीआईची खोली जिन्याजवळच आहे. आत दिवा होता. मग बंद झाला.

एकतीस तारखेचा विषय घरात मीच आणला. मी बोलले नसते तर तिचे वर्षाचे सात उपास झाले असते, एवढेच. आता काय होणार ते मला कळत नाही.

५ मार्च

आता कळले.

काकांनी बालाघाटजवळचा एक वृद्धाश्रम शोधला आहे. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाची तरी आई तिथे आहे. "दोन्ही वखत गरम जेवन, देऊळ, डॉक्टर हप्त्यातून एकदा. इथं तरी का आहे तिले?" मोठीआईची खोली भोपाळहून बदलून आलेल्या एका साहेबांना भाड्याने जाईल. राजधानी झाल्यापासून आमच्या भागात, तात्यापाऱ्यात, खोली मिळत नाही. काकांच्या मागे चार जण लागलेत.

दिवसही ठरला. काका म्हणाले, "३१ मार्च. शनिवार आहे, मी सुट्टी टाकतो. अन् त्या दिवशी कोनाचीच पाळी नाही, कोनाले बोलायले जागा नाही."

आई मान हलवत म्हणाली, "बरं होईन. एकले पाहुने येऊन राहिले." दुर्गचे लोक रविवारी, १ एप्रिलला मला पाहायला येणार आहेत. शनिवारी घरात ही धावपळ आणि रविवारी पाहुणे. आईची किती दमछाक होईल, असे मला वाटले. मी म्हटले, पाहुण्यांना पुढच्या रविवारी बोलवू. आईने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "भोळी आहे का व तू, पोट्टे?"

मोठीआईला कुणी सांगितलेले नाही. सांगायची गरजही नाही. हे बोलणे जिन्याजवळच झाले आणि तिची खोली तिथेच आहे.

१२ मार्च

होळी झाली. मोठीआईच्या खोलीत झाडताना खाटेखाली एक डालड्याचा जुना डबा सापडला. उघडला. आत पोळ्या. चतकोर, अर्ध्या, काही उन्हात वाळवून कडक झालेल्या, खालच्या दोन-तीन हिरव्या पडलेल्या.

मी डबा हातात घेऊन उभी होते. ती देवळातून आली. पाहिले आणि पदर ओढून घेतला. तिला इतकी शरमलेली मी कधी पाहिली नव्हती.

"ठेव तो. पान्यात भिजवल्या का चांगल्या लागतात."

"कशासाठी?"

"एकतीससाठी. आता समजलं न मले, कोनती तारीख ते. आधी गाफील होती."

हिरव्या पोळ्या मी गाईला टाकल्या. बाकीच्या तिने टाकू दिल्या नाहीत. ३१ मार्चला तिला इथे जेवण लागणारच नाही, हे मला तिला सांगता आले नाही. तिला माहीत असणार. तरी ती जमवत होती. की आश्रमात नेण्यासाठी?

१९ मार्च

ऑफिसात अंदाजाचा तक्ता आज पुरा झाला. माणसे वाढतील त्यापेक्षा घरे जास्त वेगाने वाढतील, असे आमच्या फॉर्मांवरून दिसते. कारण चुली फुटतात. निरंजन सर खूश होते. "आबादी से नहीं, बँटवारे से शहर बनता है."

मी एकटी राहणारी म्हातारी माणसे वेगळ्या रकान्यात घातली होती. सरांनी तो रकाना काढून टाकला.

"इनसे माँग नहीं बनती, कौमुदी. बीस साल का हिसाब है. ये घर खुलते नहीं, बंद होते हैं."

हिशेब म्हणून ते बरोबर आहे. मी दोनदा करून पाहिला. तरी जेवणाच्या सुटीनंतर मी सरांना म्हटले, माझी तब्येत बरी नाही, आणि बीरगांवची बस धरली.

फॉर्म भरताना पाहिलेली एक खोली रिकामी होती. घरमालक भैय्यालाल वर्मा, बायको अंगणवाडीत. खोलीला पत्रे आहेत, उन्हाळ्यात तापेल. संडास सगळ्यांचा एक. भैय्यालालनी विचारले, "के झन रहू?"

"दोन. मी आणि माझी बडी माँ."

"आदमी?"

"नाहीत."

ते विचारात पडले. त्यांची बायको आतून म्हणाली, "सियान संग म हे त का डर?" म्हणजे बरोबर वयस्क बाई आहे तर काय भीती. मला वाटत होते की मोठीआईला मी नेते आहे. तिच्यामुळे मला खोली मिळाली.

हो म्हणून आले. आणि आल्यापासून घाबरलेली आहे. दुर्गचे स्थळ जाईल. नंतरचीही जातील. बाबांशी बोलणे राहील की नाही ठाऊक नाही. सर्व्हेचे काम जूनपर्यंत आहे, पुढचे ठाऊक नाही. मी हे मोठीआईसाठी करते आहे की त्या दिवशी मी हसले म्हणून? नक्की सांगता येत नाही.

२४ मार्च

मोठीआईला सांगितले. वाटले होते ती रडेल. ती चिडली.

"अकल आहे का तुले? लग्न कोन करन तुह्याशी?"

"नाही केलं तर नाही."

"असं म्हनाले सोपं असते. मी पाहून राहिली न, एकटीचं का होते ते. मी मरीन दोन-चार वर्सांत. मंग तू? माह्यावानी जिन्याजवळ बसशीन?"

मी म्हटले, हो, तसेही होईल कदाचित.

ती परत वाती वळायला लागली. मला वाटले, संपले. मी उठले. दारापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, "तिथं नळ किती वाजता येते?"

"सकाळी साडेपाच."

"गोडं आहे का पानी?"

"पिऊन पाहिलं नाही."

"पाहाच लागते पोरी. जागा घ्यायच्या आंधी पानी पाहा लागते."

२७ मार्च, मंगळवार

काल पाडवा झाला. गुढी वर काकांनी उभारली, खाली बाबांनी. मोठीआईची पाळी वर, म्हणून ती वर जेवली. श्रीखंड तिला चालत नाही. काकूने तिला वेगळा दूधभात दिला होता. काकू वाईट नाही. आईही नाही, असे मी कालपर्यंत लिहिले असते. आज लिहिताना हात थांबतो.

वातीचा स्टोव्ह, दोन पातेली, तवा, परात रूपालीच्या घरी ठेवून आले आहे. रूपालीने काहीच विनोद केला नाही. बीरगांवचे पाणी पिऊन पाहिले. थोडे खारट आहे. मोठीआईला खरे तेच सांगितले. म्हणाली, डाळ शिजेन न, मंग झालं.

काल संध्याकाळी बाबांनी मला अंगणात विचारले, "तू काही करून राहिली का?" मी हो म्हटले. काय ते त्यांनी विचारले नाही. खुर्ची उचलून आत गेले.

माझा बेत होता की सगळे ऑफिसला, बाजाराला गेले की रिक्षा बोलवायची आणि निघायचे, चिठ्ठी ठेवायची. मोठीआईने तो मोडला.

"चोरावानी नाही जात मी. पस्तीस वर्सं या घरात राहिली. तुह्या मायले तोंडावर सांग, मंग मी दाराबाहेर पाय टाकीन. नाही सांगत, तर मी बालाघाटले जातो. काही बिघडत नाही माहं."

ती मन बदलणार नाही. म्हणजे आता सगळे माझ्यावर आहे. आईला मी आजवर कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलेले नाही. ती ओरडणार नाही, हे मला माहीत आहे. ती खाली बसेल, माझ्या लग्नाचे नाव घेऊन रडेल, आणि मला वाटेल की मीच तिला घराबाहेर काढते आहे. रविवारच्या पाहुण्यांसाठी तिने पुरणाची डाळ निवडून ठेवली आहे.

गुरुवारी सांगितले तर रात्रभर सगळे मिळून समजावतील आणि मी ऐकेन. शनिवारी काकांची गाडी येणार. मध्ये एकच दिवस आहे. आई सात वाजता देवपूजा आटोपून स्वयंपाकघरात येते. तेव्हा ती एकटी असते. मी तिथेच बोलणार. मोठीआईचा वर चहा होईल, ती पोटात काहीतरी घालून गोळी घेईल. त्यानंतर रिक्षा.

म्हणजे शुक्रवार, ३० मार्च, सकाळी सात.